ओलं फडकं

रडणं थांबलं, आणि चंद्रावतीला आधी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगा? ओट्याला पाठ टेकून, पाय लांब सोडून ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती. खाली वरसेच्या रस्त्यावर कंपनीची बस वळण घेत होती, गिअर बदलल्याचा आवाज सबंध ऐकू आला. खालच्या बिऱ्हाडात कुणी लसूण ठेचत होतं. कुणाकडे तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते. संध्याकाळी आपल्या इमारतीत एवढे आवाज असतात याचा तिला विसरच पडला होता, कारण मोरू झाल्यापासून संध्याकाळ म्हटली की एकच आवाज. तिनं डोळे मिटून मान मागं टाकली आणि देवा, असंच राहू दे जरा, असं मनातल्या मनात म्हटलं. मग गालावर आलेली बट मागं सारायला हात वर केला, तो गार लागला. ओला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत ओले होते. नळाला पाणी आलं, पिंप भरलं, कळशी भरली, इथवर तिला आठवत होतं. पण इथं येऊन आपण कधी बसलो आणि त्याआधी काय करत होतो, ते काही केल्या आठवेना. मधला तेवढा वेळ कुणी कापून नेल्यासारखा गेला होता.

ती उठली. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली गोधडीची घडी घालून तिच्यावर मोरूला ठेवलेलं होतं. गोधडीवर मोरू दिसेना. ओलं फडकं दिसलं, कडा नीट आत दुमडलेलं, आणि त्याच्याखाली हातभर लांबीचं काहीतरी झाकलेलं होतं. पहिल्या क्षणी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट काम नीट झालंय असंच वाटलं. कडा सुटलेल्या नव्हत्या, पाणी ठिबकत नव्हतं. हे असं वाटलं, हेच तिला पुढं सगळ्यात जास्त छळणार होतं. मग फडक्याखाली काही हललं, आणि तिनं झडप घालून ते ओढून काढलं. मोरूचे डोळे टक्क उघडे. पापण्यांवर पाणी, गालांवर पाणी, छाती भराभर वरखाली होतेय, आणि तो रडायचा थांबून नुसता तिच्याकडं बघतोय. बघता बघता त्याचं तोंड वाकडं झालं, हनुवटी थरथरली आणि त्यानं भोकाड पसरलं. चंद्रावतीच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे, की झालं, परत सुरू झालं. जिवंत आहे, हे दुसऱ्यांदा आलं. आधी ते आणि मग हे. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं, आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं, पाठीवरून हात फिरवला, सगळं केलं. पण तो क्रम काही तिला उलटा लावता येईना.

पेणला तिच्या माहेरी गणपतींचा कारखाना होता. वडील, दत्तात्रेय, त्यांना सगळे अण्णा म्हणत, ते मातीकामात मुरलेले. आई काशीबाई हयात होती तोवर कारखान्यातली किरकोळ कामं तिच्या हाताखाली चालत, आणि त्यातलं एक काम चंद्रावती परकर नेसत होती तेव्हापासून तिच्याकडं आलेलं. शाडूची मूर्ती काही एका बैठकीत होत नाही. अर्धवट राहिलेली माती रात्रभर उघडी पडली तर सुकते, आणि सुकली की तडकते. म्हणून दिवे लागायच्या आत, ज्या ज्या पाटावर अपुरं काम आहे तो तो पाट ओल्या फडक्यानं झाकायचा. फडकं पिळायचं ते ठिबकणार नाही इतपत आणि कोरडं पडणार नाही इतपत. आधी डोक्यावरून घ्यायचं, मग खांद्यांवरून, मग कडा पाटाखाली दाबायच्या. आणि सोंडेपाशी चिमूट धरून फडक्याला वर चुणी पाडायची, म्हणजे ओल्या सोंडेवर भार येत नाही. सोंड दबली की गणपती बसला गो, असं आई म्हणायची आणि झाकून झाल्यावर एकेका पाटाशी वाकून बघायची. पहिल्या वर्षी चंद्रावतीनं दोन सोंडा मोडल्या, मार खाल्ला. नंतर ते काम हातांत इतकं बसलं, की फडकं घालताना ती रस्त्यावरून कोण चाललंय ते बघायची, मैत्रिणींशी बोलायची, उद्याच्या शाळेचा विचार करायची. मन लागतच नसे त्याला. आई गेली त्या दिवशीसुद्धा संध्याकाळी तिनं पाट झाकले होते, आणि रात्री वहिनीनं विचारलं, पाट कुणी झाकले, तर तिला आठवलं नव्हतं. लग्न होऊन ती रोह्याजवळ वरसेला आली, जगनच्या दोन खोल्यांत, आणि तिथं कसली माती आणि कसलं काय. इतकी वर्षं हात रिकामे होते. आणि आज तिन्हीसांजेला हातांना आपलं काम आठवलं.

मोरूला खांद्यावर घेऊन खोलीतल्या खोलीत फिरताना तिला एकच विचार छळत होता, की चुणी पाडली होती का? फडकं तर ओढून कोपऱ्यात टाकलेलं, त्याला विचारून काय कळणार! तिनं थांबून मोरूचं तोंड उजेडाकडं केलं. रडून रडून त्यावर आता इतकं पाणी आलं होतं की कुठलं फडक्याचं आणि कुठलं डोळ्यांचं ते सांगता येईना. पण मघाशी, ओढलं त्या वेळी, गाल ओले होते आणि नाकाचा शेंडा कोरडा होता, असं तिला आठवत होतं. निदान आठवतंय असं वाटत होतं. म्हणजे चुणी पाडली होती. म्हणजे तिच्या हातांनी पोराला वाचवलं होतं, पण मोरू म्हणून नव्हे, सोंड म्हणून. तिनं मोरूला गोधडीवर ठेवलं, कोपऱ्यातलं फडकं उचलून मोरीत टाकलं, आणि परत येऊन त्याला उचललं. काळोख चांगला दाटल्यावर, रोजच्यासारखाच, कुणी काही न करता तो थांबला आणि झोपून गेला.

लोक म्हणत, मूल म्हटलं की रडायचंच. म्हणोत बापडे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. दिवसभर मोरू गुणाचा. दूध पिई, झोपे, हातपाय नाचवी. पण सूर्य समोरच्या बिल्डिंगीच्या पाण्याच्या टाकीमागं गेला की याच्यात काय संचारे कोण जाणे. गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, तोंड तांबडंलाल, आणि ते रडणं. भुकेचं नाही, कारण पाजायला घेतलं की दोन घोट घेऊन तोंड फिरवी. कुठं दुखतंय म्हणावं तर अंगावर पुरळ नाही की मुंगी चावलेली नाही. सांगणाऱ्यांची काय कमी? बेंबीत हिंग घाल, ओव्याची पुरचुंडी शेक, वेखंड उगाळ, मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाक. चंद्रावतीकडं गॅसची शेगडी, तिच्यावर मोहऱ्या टाकल्या त्या तडतडून घरभर झाल्या. रोह्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, वजन केलं आणि सांगितलं की मूल ठणठणीत आहे, तिसरा महिना सरला की आपोआप थांबेल. तोवर काय करायचं, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, घरात कुणी असेल ना, आळीपाळीनं घ्या. घरात कुणी असेल ना! ती हसली आणि केसपेपर घेऊन बाहेर आली.

सासू ठमाबाई खाडीकडच्या गावाहून येऊन चार दिवस राहून गेली होती. जन्म मिठागरात गेलेली बाई, पायांच्या भेगा बोटभर, मनानं वाईट नव्हती. पण तिला सुनेच्या रडकुंडीला येण्याचं नवल वाटे. आमी पोरं बांधावर झोळीत टांगून मीठ ओढायचो, ती सांगे, रडून रडून आपसूक गप व्हायची, मेली का? नाय. तिच्या पाच पोरांतलं एक राहिलं नव्हतं, जगनच्या पाठचा काळुराम, हे ती सांगताना विसरे, आणि त्याची आठवण करून द्यायची चंद्रावतीची काय प्राज्ञा! जाताना सासूनं दोन गोष्टी बजावल्या. एक, दिवेलागणीला पोर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. दुसरी, समोरच्या म्हातारीच्या हातात द्यायचं नाही. एकटी बाई हाय, म्हणाली, घरात पोर नाय, बाळ नाय, तिची नदर कशी असंल कोण सांगंल.

समोरची म्हातारी म्हणजे बेने इस्राएल समाजातल्या एस्थरबाई. गॅलरीच्या पलीकडं त्यांचं दार. रोह्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर पोरांना बाराखडी शिकवलेली. नवरा अब्राहम वारलेला, दोन्ही मुलगे आणि मुलगी लीया इस्रायलला गेलेली, तिकडं त्यांना नातवंडं होती, ती यांनी फोटोत पाहिलेली. मुलं बोलवत होती आणि या जात नव्हत्या. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. जगन त्यांना इस्रायलवाली म्हणे. चंद्रावती पेणहून मोरूला घेऊन आली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी एस्थरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि, हे असं किती दिवस चालायचं, असं त्यांनी विचारलं होतं. बस्स, एवढंच. पण त्या दिवसापासून चंद्रावती संध्याकाळ झाली की दार लावून घेई, खिडक्या लावून घेई, वैशाखाच्या उकाड्यात आतल्या आत शिजे. मोरूचं रडणं सुरू झालं की समोरचा रेडिओ मोठा होई. तो मोठा झाला की तिला कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटे.

खरं तर चंद्रावती वरसेला इतक्या लवकर यायचीच नव्हती. पहिलं बाळंतपण, माहेरी, तीन महिने तरी राहायचा रिवाज. आई नसली म्हणून काय झालं, वहिनी होती, अण्णा होते. पण मोरूचं रडणं तिथंच सुरू झालं आणि कारखान्यात आखणी चालली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. ते सगळ्यांत शेवटी, आणि ते सगळ्यांना येत नाही. श्वास धरून, एका हातानं दुसरं मनगट आवळून कुंचला टेकवायचा असतो. बाहेरगावच्या ऑर्डरी लवकर जायच्या म्हणून कारागीर उशिरापर्यंत बसत, आणि नेमकं त्या वेळी आतून हे रडणं. एकाचा हात हलला. डोळा बिघडला, पुसून पुन्हा काढावा लागला. अण्णांनी मोठ्यानं एक शब्द उच्चारला नाही. सव्वा महिना झाल्यावर त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं, की जगनची आबाळ होत असेल, आता तू घरी जा. जगनची आबाळ! कँटीनमध्ये जेवून तो पोट सुटल्यागत दिसत होता. चंद्रावतीला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला ते पटलं, हीच गंमत. कारखान्यात वाढलेली पोर ती, डोळा बिघडणं म्हणजे काय हे तिला कळत होतं. नव्या रेल्वेनं ती रोह्याला आली, खिडकीशी बसून, पोराला मांडीवर घेऊन, आणि सबंध वाटेत मोरू शहाण्यासारखा झोपला. त्याला तेव्हा झोपायचं सुचलं म्हणून तिला त्याचा राग आला. पोटच्या पोराचा राग येतो, हे तिला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं.

राहता राहिला जगन. भला माणूस, व्यसन नाही, हात उगारणं नाही. धाटावच्या कंपनीत ऑपरेटर, आणि गेले कित्येक आठवडे सारखी सेकंड शिफ्ट, दुपारी जायचं ते रात्री यायचं. सुपरवायझर ऐकत नाही, असं तो सांगे. पण बाजारात भेटलेली त्याच्या जोडीदाराची बायको म्हणाली होती की आमच्यांची आठवड्याला शिफ्ट बदलते हो. चंद्रावतीनं जगनला मात्र विचारलं नव्हतं. विचारून तो खरं बोलला असता तर काय करायचं होतं? सुट्टीच्या रविवारी मात्र तो मोरूला खांद्यावर पालथा घाली, गॅलरीतून दोन फेऱ्या मारी, आणि मोरू घडीभर गप्प होई. बघ, तो म्हणे, तुझ्याच हातात रडतं हे. हसत म्हणे, चिडवायला. ते तिच्या मनात घर करून बसलं होतं. तुझ्याच हातात.

आता कळलं होतं की आपल्या हातांत आणखी काय काय आहे ते. दुसऱ्या दिवशी सकाळी जगन दाढी करत होता आणि ती चहा गाळत होती, तेव्हा तिच्या जिभेवर ते आलं होतं. काल काय झालं माहीत आहे का, इतकं म्हटलं की पुढचं आपोआप आलं असतं. पण पुढचं काय होईल ते तिला लख्ख दिसत होतं. जगन आधी हसेल, मग हसायचा थांबेल, मग तिच्या हातांकडं बघेल. संध्याकाळच्या आत मोरू खाडीवर जाईल, ठमाबाईच्या झोळीत, बांधावर. आणि गावभर होईल की जगनची बायको बाळंतपणात बिघडली, पोर मारत होती. पेणला कळेल. अण्णा येतील, खाली मान घालून बसतील. न सांगावं, तर आज संध्याकाळ आहेच. उद्याची आहे, परवाची आहे. तिला न विचारता एकदा केलं ते हात पुन्हा करणार नाहीत कशावरून, आणि पुढच्या वेळी चुणी पडेलच कशावरून? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चहा गाळून झाला होता आणि गाळणी तशीच कपावर धरून ती उभी होती. काय गं, जगन म्हणाला, लक्ष कुठं आहे तुझं? तिनं सांगितलं, झोप नाही झाली. ते काही खोटं नव्हतं.

जगन गेल्यावर दुपारी ती कामाला लागली. घरातली होती नव्हती ती सगळी फडकी गोळा केली, ओट्याची, फरशीची, मोरूची लंगोटंसुद्धा, वाळवली, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली पिठाच्या डब्यात खुपसली. हसू येण्यासारखंच होतं, आपणच लपवायचं आणि आपल्यापासूनच लपवायचं. नळाला पाणी यायची वेळ झाली तेव्हा तिनं नळ सोडलाच नाही. इतर बिऱ्हाडांची पिंपं भरल्याचे आवाज येत होते, हिचं कोरडं. हात पदराला पुन्हा पुन्हा पुसून ती मोरूशेजारी बसली. तिला वाटलं, आपण चोर यायची वाट बघतोय आणि चोर आपल्याच घरात जेवतोय. मोरू जागा होता, छताकडं बघून एकटाच हसत होता. किती गोड दिसत होता म्हणून सांगू! तिचा जीव त्याच्यावर होता, कुणी काही म्हणो. जीव होता म्हणून तर एवढी धडधड होती.

सूर्य टाकीमागं गेला आणि मोरूनं गुडघे पोटाशी घेतले. तिनं त्याला पाजायला घेतलं, त्यानं तोंड फिरवलं. खांद्यावर घेतलं, फिरवलं, पालथा घातला, ओव्यानं शेकला. खिडक्या बंद, दार बंद, समोरचा रेडिओ मोठा. रडणं तेच, पण आज ते तिच्या कानांत न जाता थेट दंडांत जात होतं. शेवटी ती मांडी घालून बसली आणि त्याला आडवा घेऊन पाठीवर थोपटू लागली. हात कोरडे आहेत, तिनं स्वतःला सांगितलं. थोपटत राहिली. कारखान्याच्या मागच्या पडवीत ओली माती पोत्यावर घेऊन तिंबायची असे, तळहाताच्या बुडानं, अंग झोकून, खडा राहू नये म्हणून. तिंबताना एक ताल येतो, आणि ताल आला की दमणूक कळत नाही. तिला दमणूक कळत नव्हती. किती छान ताल आलाय, असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी तिनं मोरूच्या पाठीकडं पाहिलं. तिच्या तळहाताच्या बुडाखाली ती पाठ गुलाबी झाली होती. तिचा हात वर होता, पुन्हा यायला निघालेला.

तो हात तिनं तिथंच धरला. दुसऱ्या हातानं मनगट आवळून धरला, खरोखरच, आणि तशीच बसून राहिली, मांडीवर पोर किंचाळतंय आणि आपण आपलाच हात धरून बसलोय अशी. मग ती उठली. मोरूला उचललं, कोपरानं कडी काढली आणि दिवेलागणीच्या वेळी पोराला घेऊन उंबरा ओलांडला. गॅलरीत वारा होता. समोरचं दार उघडंच होतं.

शुक्रवार होता, त्यांच्या शब्बाथची सांज. एस्थरबाईंनी डोक्यावर पदर घेतलेला, स्टुलावर काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावलेला, आणि त्या शेजारी खुर्चीत बसलेल्या. ये म्हणाल्या नाहीत, काय झालं म्हणून विचारलं नाही. रेडिओ तेवढा बंद केला. जे कानातसुद्धा सांगायची चंद्रावतीला छाती झाली नव्हती, ते मोरूच्या रडण्यावरून ऐकू जावं म्हणून तिला ओरडून सांगावं लागलं.

“काल मी याला ओल्या फडक्यानं झाकलं. तोंडासकट. आमच्याकडं कारखान्यात मूर्ती झाकतात तसं. मला कळलंच नाही.”

“परत सांग,” एस्थरबाई म्हणाल्या.

तिनं परत सांगितलं. या खेपेला आजच्या थोपटण्याचंही सांगितलं. एस्थरबाई उठल्या आणि वर्गातल्या पोराच्या हातून कात्री काढून घ्यावी तसं त्यांनी मोरूला तिच्याकडून काढून घेतलं. त्याची पाठ दिव्याकडं करून नीट बघितली, छातीला कान लावला, मग त्याला घेऊन खुर्चीत बसल्या. चंद्रावती वाट बघत होती. आता शिव्या तरी येतील, नाहीतर असू दे गं, होतं असं, असं तरी येईल. यातलं काहीच आलं नाही. नवऱ्याला सांगितलंस का, एवढं त्यांनी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. सांगितलं तर ते मोरूला खाडीवर नेतील, म्हणाली. तरी सांगायचं, एस्थरबाई म्हणाल्या. रविवारी तो घरी असतो ना, मी येईन, तुझ्याऐवजी बोलणार नाही, पण शेजारी बसेन.

“मी मुद्दाम नाही केलं,” चंद्रावती म्हणाली. “विश्वास बसतो का तुमचा?”

“विश्वास-बिश्वास मला ठाऊक नाही, पोरी. ते तुझं तुला ठाऊक. रोज या वेळेला मी याला घेऊन बसेन, तेवढं माझ्याच्यानं होईल.”

“तुम्हाला त्रास होतो त्याच्या रडण्याचा.”

“होतोच. दारापलीकडून होतो त्यापेक्षा मांडीवर बरा.”

मोरू रडत होता. एस्थरबाईंनी त्याला उभा धरला, आडवा धरला, गुडघ्यावर पालथा घातला. आपल्या मुलांना म्हणत असतील ते काहीतरी गुणगुणल्या, अर्धं मराठी आणि अर्धं चंद्रावतीला न कळणारं. तीन पोरं वाढवलेले हात ते. पण मोरूला त्याचं काही नव्हतं. तो तसाच, तितकाच, त्याच टिपेला रडत राहिला. चंद्रावती भिंतीला टेकून ते बघत होती. दुसऱ्याच्याही हातात रडतं हे. तिला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. पोर तळमळतंय आणि आईला सुख होतंय, काय म्हणावं याला! पण होत होतं खरं. एस्थरबाईंच्या कपाळावर घाम आला होता, तोंड आंबट झालं होतं, आणि त्या काही केल्या त्याला परत देत नव्हत्या.

कोपऱ्यात चटई होती तिच्याकडं त्यांनी मानेनं खूण केली. पड जरा, म्हणाल्या. चंद्रावती गोंधळली. दिवेलागणीला आडवं व्हायचं? अंगात ताप असतानासुद्धा आईनं कधी होऊ दिलं नव्हतं.

“लक्ष्मी यायची वेळ आहे,” ती म्हणाली.

“ती तुझ्या दारात येईल. माझ्याकडं ती कधी आली नाही. पड तू.”

चंद्रावती चटईवर बसली. मग कुशीवर झाली, हात उशाला घेऊन. रडणं डोक्याजवळच चाललं होतं, आणि रोजच्या सवयीनं ती ते थांबायची वाट बघत पडली, आता थांबेल, आता थांबेल, अशी. एस्थरबाईंच्या खुर्चीचा एक पाय लंगडा असावा, तो पुढंमागं होताना फरशीवर वाजत होता. खाली रस्त्यावरून एक बस गेली. तिनं एकदा डोळे उघडून पाहिलं, म्हातारीच्या खांद्यावर मोरूची मूठ दिसली, घट्ट आवळलेली. पोर रडतच होतं. चंद्रावती झोपली.